मत, पाय आणि पट्टा

११ एप्रिल २०१९ हा लोकसभा निवडणुकीच्या पहिल्या टप्प्याचा दिवस होता. त्या दिवशी सबंध तेलंगणात मतदान होतं आणि विदर्भातल्या सात मतदारसंघांतही. त्या सातांत चंद्रपूर होतं. त्यामुळे परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, कोठा, अंतापूर या सीमेवरच्या गावांतल्या लोकांना एकाच दिवशी दोन खासदार निवडता येणार होते, एक आदिलाबादचा आणि एक चंद्रपूरचा. दोन मतदार याद्या, दोन ओळखपत्रं, आणि एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर पायी जाता येईल एवढंच अंतर. पुष्कळांनी दोन्हीकडे मत दिलं. पुढे २०२४ मध्ये चंद्रपूरचं मतदान १९ एप्रिलला आणि आदिलाबादचं १३ मे रोजी झालं, तेव्हा तर धावपळीचंही कारण उरलं नाही.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधित्वाचा १९५०चा कायदा एका माणसाचं नाव दोन मतदारसंघांच्या यादीत ठेवू देत नाही. १९५१च्या कायद्याचं कलम ६२ सांगतं की एकाच प्रकारच्या निवडणुकीत दोन मतदारसंघांत मत दिलं, तर दोन्ही मतं बाद. निवडणुका आल्या की अधिकारी या गावांच्या पहाडावर येतात, एकाच ठिकाणी मतदान करा म्हणून समजावतात आणि परत जातात. याद्या तशाच राहतात.

मला याला गैरप्रकार म्हणवत नाही. ही नावं गावकऱ्यांनी चोरून घुसवलेली नाहीत. दोन्ही राज्यांचे कर्मचारी दारात आले आणि त्यांनीच ती लिहून नेली. ज्या माणसाला दोन सरकारं आपला म्हणतात आणि दोन्ही सरकारं त्याच्या शेताच्या बाबतीत मात्र हात झटकतात, त्याने दोन्हीकडे आपलं म्हणणं नोंदवून ठेवलं तर त्यात मला बेइमानी दिसत नाही. त्याच्या जागी आपण असतो तर वेगळं काय केलं असतं?

ही गावं एका बाजूने चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात येतात आणि दुसऱ्या बाजूने तेलंगणाच्या केरामेरी मंडलात. केरामेरी २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं. त्या वर्षी ११ ऑक्टोबरला जुन्या आदिलाबादचे चार तुकडे झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद. केरामेरी शेवटच्या तुकड्यात गेलं. पण पहाडावरचे लोक अजूनही सगळ्या मुलखाला आदिलाबादच म्हणतात, आणि या लेखातही तो शब्द त्याच अर्थाने येईल. गावांचा आकडा कुणी बारा सांगतं, कुणी चौदा. महसुली गावं मोजली की एक आकडा येतो, तांडे आणि वस्त्या धरल्या की दुसरा. वस्ती मिश्र आहे. गोंड आहेत, बंजारा आहेत, आणि १९७२च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून पोट भरायला आलेली मातंग, बौद्ध, मराठा अशी कुटुंबं आहेत. घरात आणि बाजारात मराठी चालते.

मूळ गुंता १ नोव्हेंबर १९५६चा. हैदराबाद संस्थानाची भाषावार वाटणी झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्याला मिळाले. किनवट नांदेडमध्ये गेलं, राजुरा पुढे चांदा जिल्ह्याला जोडलं गेलं आणि त्याच राजुऱ्यातून नंतर जिवती तालुका निघाला. नकाशावर रेघ पडली, पण डोंगरात आणि जंगलात ती नेमकी कुठून जाते हे दोन्ही राज्यांना सारखं मान्य असं कधी ठरलंच नाही. १९९७ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि आंध्र प्रदेशाने माघार घेतली. तेव्हापासून गावं आपलीच, असं महाराष्ट्र म्हणतो. पण आंध्रने ग्रामपंचायती, शाळा, रेशन दुकानं बंद केली नाहीत. २०१४ मध्ये तेलंगण झालं आणि त्याने तर त्यात भरच घातली.

डिसेंबर २०२२ मध्ये बेळगाव सीमाप्रश्न पुन्हा तापला तेव्हा वार्ताहरांना ही गावं आठवली. ज्या घराचं स्वयंपाकघर तेलंगणात आणि बैठकीची खोली महाराष्ट्रात आहे, त्या महाराजगुड्यातल्या घराची छायाचित्रं देशभर छापली गेली. छायाचित्र काढण्याजोगं घर आहे खरं. पण गावाचा प्रश्न त्या घरात नाही, घरामागच्या शेतात आहे. तिकडे येऊच, आधी दोन सरकारं काय काय घेऊन येतात ते पाहू.

दोन सरपंच असतात. मराठी शाळा आणि तेलुगू शाळा, दोन अंगणवाड्या, दोन शिधापत्रिका. निराधार वृद्धेला तेलंगणाचं ‘आसरा’ निवृत्तिवेतन २०१४ मध्ये महिना १,००० रुपयांनी सुरू झालं आणि २०१९ मध्ये २,०१६ झालं. मुलीच्या लग्नाला ‘कल्याण लक्ष्मी’चे १,००,११६ रुपये. डिसेंबर २०२३ पासून तेलंगणाच्या एसटीत बायकांना राज्याच्या हद्दीपर्यंत फुकट प्रवास, हातात शून्य रकमेचं तिकीट. महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. मग जुलै २०२४ पासून ‘लाडकी बहीण’चे दीड हजार लागू झाले. दोन्ही राज्यांत राजकारणाची रीत आता सारखीच झाली आहे. एकाने घोषणा केली की दुसऱ्याला करावीच लागते. पहाडावरच्या लोकांना हे सगळ्या देशाच्या आधी कळलं, कारण त्यांच्या एकाच वाडीत दोन्ही घोषणा शेजारी शेजारी उभ्या असतात आणि कुणाचं रेशन वेळेवर येतं हे दर महिन्याला पडताळता येतं.

या मतांची किंमत आकड्यांत दिसते. २०१८च्या विधानसभा निवडणुकीत आसिफाबाद मतदारसंघात काँग्रेसचे आत्राम सक्कू यांनी कोवा लक्ष्मी यांना हरवलं ते १७१ मतांनी. राजुऱ्याची २०२४ची लढतही तीन हजारांच्या आसपास सुटली. इतक्या थोडक्यात निकाल लागणाऱ्या दोन मतदारसंघांत सामाईक असलेली काही हजार मतं कुठला उमेदवार सोडेल? पहाडावर रस्ता येतो, बोअर येते, ती बरीचशी या हिशेबाने.

लोक सार्वजनिक सोयी कशा निवडतात या विषयावरचा अर्थशास्त्रातला एक गाजलेला निबंध योगायोगाने १९५६च्याच ऑक्टोबरमधला आहे, म्हणजे राजुरा-किनवट तोडले जाण्याच्या अगदी आदल्या महिन्यातला. चार्ल्स टीबू या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने त्यात मांडलं की सार्वजनिक सोयींबाबत लोकांना काय हवं हे मतपेटीखेरीज आणखी एका मार्गाने कळतं: लोक राहण्याची जागा बदलतात. एका गावात कर कमी आणि शाळा साधी, दुसऱ्यात कर जास्त आणि शाळा उत्तम, तर ज्याला जे हवं तो तिथे जाऊन राहील. बाजारात गिऱ्हाईक वस्तू निवडतं तसं कुटुंब गाव निवडेल. मांडणी सुबक आहे. टीबूने आपली गृहीतकंही प्रामाणिकपणे लिहून ठेवली होती: माणसं कुठेही जायला मोकळी आहेत, त्यांना सगळ्या गावांची पूर्ण माहिती आहे, आणि ती लाभांशावर जगतात, म्हणजे रोजगारासाठी कुठल्या एका जागेला बांधलेली नाहीत.

लाभांशावर जगणारा माणूस पहाडावर नाही. तिथला माणूस कापूस, सोयाबीन आणि तुरीवर जगतो. त्यामुळे या गावांत टीबूचं चित्र उलटं होऊन बसलं आहे. माणूस जागचा हलत नाही आणि सरकारंच त्याच्या दारात येऊन स्पर्धा करतात. टीबूच्या हिशेबाने पाहिलं तर हे फारच उत्तम; न हलता निवड करायला मिळते. मग इथला माणूस सुखी का नाही?

कारण काही गोष्टींत निवड एकदाच करता येते आणि ती चुकली की परत फिरता येत नाही. शाळा ही त्यांतली एक. तेलंगणाच्या २०१८च्या आदेशानुसार सरकारी नोकरीत ९५ टक्के जागा ‘स्थानिक’ उमेदवारांना, आणि स्थानिक कोण हे पहिली ते सातवीतली किमान चार वर्षं कुठे शिकला यावर ठरतं. सहा वर्षांच्या पोराला आई मराठी शाळेत घालते तेव्हा ती नकळत तेलंगणातल्या नोकरीचं दार अर्धं लोटून देत असते. तेलुगू शाळेत घातलं तर निवासी गुरुकुल मिळू शकतं, पण पुढे राजुरा-चंद्रपूरच्या महाविद्यालयात पोर परकं. हा निर्णय घेताना कुणी तिला नियमावली वाचून दाखवत नाही.

आता शेत.

पहाडावरचं बहुतेक शेत कागदावर जंगल आहे. पन्नास-साठ वर्षं नांगर चालतो आहे, पण सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, पीकविमा नाही, विहिरीचं अनुदान नाही. तेलंगणाची ‘रयतु बंधू’ योजना २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा एकरी हंगामाला ४,००० रुपये होती, मग ५,००० झाली. काँग्रेस सरकारने ‘रयतु भरोसा’ असं नाव बदलून जानेवारी २०२५ पासून ती ६,००० केली. पण तिलाही पट्टेदार पासबुक लागतं. थोडक्यात, सरकारची प्रत्येक मोठी मदत जमिनीच्या कागदावरून चालत येते आणि कागद नसेल तर बांधावर थांबते.

या जमिनीचा कागद मिळण्याचा मार्ग एकच: २००६चा वनहक्क कायदा. त्यातली अट वाचली की पहाडाची सगळी गोम उलगडते. अर्जदार अनुसूचित जमातीचा असेल, तर १३ डिसेंबर २००५ पूर्वी जमीन कसत होता एवढं दाखवणं पुरे. तो जमातीचा नसेल, तर त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, त्याचं कुटुंब तिथे जंगलावर अवलंबून राहत होतं हे सिद्ध करावं लागतं. १९३० सालचा पुरावा. १९७२च्या दुष्काळात लातूर-नांदेडकडून डोक्यावर बोचकं घेऊन आलेल्या कुटुंबाने तो कुठून आणायचा?

त्यात बंजारा समाजाची गोष्ट आणखी वेगळी. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जाती ‘अ’ प्रवर्गात आहेत. तेलंगणात तेच लोक, तिथे लंबाडा म्हणतात, अनुसूचित जमात आहेत; १९७६च्या दुरुस्ती कायद्याने २७ जुलै १९७७ पासून. म्हणजे सीमेवरच्या तांड्यातला एकच शेतकरी, एकच तुकडा कसणारा, महाराष्ट्राच्या बाजूने अर्ज केला तर १९३०चा पुरावा देऊ न शकणारा अपात्र दावेदार ठरतो. तोच तेलंगणाच्या बाजूने गेला तर जमातीचा म्हणून उभा राहू शकतो. ३० जून २०२३ रोजी तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी पोडू, म्हणजे जंगलात कसल्या जाणाऱ्या, जमिनींच्या पट्ट्यांचं वाटप आसिफाबादमध्येच सुरू केलं. राज्यभरात सुमारे दीड लाख लोकांना चार लाख एकरांहून अधिक. सीमेवरच्या गावांतही काहींच्या हाती तेलंगणाचा पट्टा आहे, असं गावकरी सांगतात. अशा घराला महाराष्ट्रात राहायचं की तेलंगणात, हे विचारताना भाषेचा अभिमान मधे आणणं मला क्रूरपणाचं वाटतं. घरात ओव्या मराठीत म्हणायच्या आणि पट्टा तेलुगूत सांभाळायचा, यात त्यांनी मराठीशी कुठलीही प्रतारणा केलेली नाही.

आदिलाबादच्या सरहद्दीवर माणसं पैशाने आणि मालानेही बोलत आली आहेत, आणि त्याची परंपरा या गावांपेक्षा मोठी आहे. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी होती. कापूस फक्त सरकारला विकायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. हमी होती, पण चुकारे हप्त्याहप्त्याने आणि महिनोन्‌महिने रखडत. ज्या वर्षी बाहेरचा भाव चढा असे त्या वर्षी यवतमाळचा कापूस रात्री पैनगंगा ओलांडून आदिलाबादच्या बाजारात जाई आणि नाक्यांवर गाड्या अडवल्या जात. ज्या वर्षी भाव पडे त्या वर्षी उलटी गंगा वाहे आणि शेजारच्या राज्यांतला कापूस महाराष्ट्राच्या केंद्रावर येऊन पडे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ही राज्यबंदी मोडण्यासाठी आंदोलनं केली. मोर्च्यात पन्नास हजार माणसं आली की वर्तमानपत्रात येत असे. रात्रीतून नदीपार झालेल्या गाठोड्यांची नोंद होत नसे. पण त्या योजनेवर शेतकऱ्याचं खरं मत काय, हे मला त्या गाठोड्यांनी जास्त नेमकं सांगितलं असं वाटतं. २००२च्या सुमारास मक्तेदारी सैल झाली, ती मोर्च्यांइतकीच या नदीपार व्यापारामुळे पोखरली गेली होती.

आज ती वाट पुन्हा अरुंद झाली आहे. कापूस महामंडळाची खरेदी आता आधार, पासबुक आणि २०२५ पासून ‘कपास किसान’ ॲपवरच्या नोंदणीवर चालते. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव, बारापर्यंत कपात, त्यापुढे माल परत. आदिलाबादच्या यार्डात दर हंगामाच्या सुरुवातीला ओलाव्यावरून गाड्या अडतात, शेतकरी रस्त्यावर बसतात. ज्याच्याकडे कागद नाही तो रांगेत उभाच राहत नाही. गावातल्या व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने, घालून मोकळा होतो. कागदाशिवाय पैशाचं मतही पडत नाही.

दवाखान्याचंही असंच. आदिलाबादहून नागपूर दोनशे किलोमीटरच्या आत आहे, हैदराबाद तीनशेच्या घरात. ज्याच्या गाठीला पैसा आहे तो गंभीर आजाराला नागपूर गाठतो. उलट किनवट आणि केळापूरकडच्या गरिबाला आदिलाबादचं सरकारी रुग्णालय, रिम्स, जवळ पडतं. आदिलाबादची आगगाडीसुद्धा किनवट, हिमायतनगर, भोकर करत मुदखेडला जाते. स्थानक तेलंगणात आणि रेल्वेचा विभाग नांदेडचा. अल्बर्ट हर्शमन हा अर्थशास्त्रज्ञ तरुणपणी नाझी जर्मनीतून निसटलेला माणूस. सोडून जाण्याची किंमत त्याला ठाऊक होती. १९७० साली त्याने लिहिलं की संस्था बिघडते तेव्हा माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जाणं किंवा आवाज उठवणं. आणि जे आधी निघून जातात ते बहुधा सगळ्यांत जास्त आवाज उठवू शकले असते. नागपूरला जाणाऱ्या प्रत्येक गाडीबरोबर आदिलाबादच्या रुग्णालयासाठी भांडू शकणारा एक माणूस कमी होतो. मागे उरतो तो डॉक्टरला प्रश्न विचारायला घाबरणारा.

निघून जाण्याची नुसती धमकी मात्र आवाजाला बळ देते. नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद, बिलोली, देगलूरकडच्या गावांनी ते करून पाहिलं. २०१८ पासून धर्माबाद तालुक्यातले सरपंच उघडपणे म्हणू लागले, आम्हाला तेलंगणात घाला. तिकडे १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज आणि इकडे रात्रपाळीचं भारनियमन. मधे फक्त एक शिवार. २०१९ मध्ये तिथली मंडळी चंद्रशेखर राव यांना भेटूनही आली. बाभळी बंधाऱ्याची जखमही याच भागातली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावे लागतात, म्हणजे ऐन पावसाळ्याचं पाणी डोळ्यांदेखत खाली जातं. ५ फेब्रुवारी २०२३ला राव यांच्या भारत राष्ट्र समितीने तेलंगणाबाहेरची आपली मोठी सभा नांदेडलाच घेतली, ती या असंतोषाच्या भरवशावर. ३ डिसेंबर २०२३ला ते सरकार तेलंगणात हरलं आणि महाराष्ट्रातला पक्षही विरून गेला. धर्माबादच्या लोकांनी ज्या सरकारची वाट पाहिली, त्याला तेलंगणाच्याच मतदारांनी घालवलं. पलीकडचं हिरवं शिवार रस्त्यावरून दिसतं, त्याच्यावरचं कर्ज दिसत नाही. तरी धर्माबादची मागणी खोटी होती असं मी म्हणणार नाही. ते महाराष्ट्राला ऐकवत होते, आणि ऐकवायला दुसरी भाषा त्यांच्याकडे उरली नव्हती.

इथवर लिहिलेल्या गोष्टीत निवडणारा माणूस आहे आणि सरकार आहे. टीबूच्या निबंधातही तेवढेच दोघे आहेत. तिसरा माणूस, जो आधीपासून तिथे राहतो, त्या निबंधात नाही. आदिलाबादमध्ये तो आहे. तो गोंड आहे, कोलाम आहे.

केरामेरीच्याच डोंगरात जोडेघाट आहे. तिथे १९४० मध्ये कुमुरम भीम निजामाच्या पोलिसांशी लढताना मारले गेले. मागणी जमिनीची आणि जंगलाची होती. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना पाठवलं. ते मारलवाईला राहिले, गोंडी शाळा काढल्या, गोंडांना पट्टे मिळवून दिले. नागोबाच्या जत्रेतला केसलापूरचा दरबारही त्याच काळातला. पुढे १९७०च्या कायद्याने, ज्याला तिकडे सगळे ‘वन ऑफ सेव्हन्टी’ म्हणतात, अनुसूचित क्षेत्रातली जमीन बिगर आदिवासीला विकण्यावर बंदी आली. भिंत भक्कम होती. पण १९७७ मध्ये लंबाडा जमातीत आले आणि त्यांच्यापुरती ती भिंत उरली नाही. महाराष्ट्रातून सीमा ओलांडून येणाऱ्या तांड्यांना आता इथे जमीन, शाळेत जागा, नोकरीत राखीव वाटा, सगळ्याची शक्यता दिसू लागली. हायमेनडॉर्फ सत्तरच्या दशकात परतले तेव्हा ज्या गोंड गावांना त्यांनी पट्टे दिले होते, त्यांतली जमीन हातची गेलेली त्यांना दिसली. १९८२च्या आपल्या पुस्तकात त्यांनी ते मोठ्या दुःखाने नोंदवलं आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, २० एप्रिल १९८१ रोजी, इंद्रवेल्लीत जमिनीसाठी जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला होता.

कायदा सांगतो की एका राज्यातली जमात दुसऱ्या राज्यात गेल्यावर तो दर्जा बरोबर नेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९९०चा मर्री चंद्रशेखर राव निकाल याच मुद्द्यावरचा. आंध्रात जमातीच्या असलेल्या कुटुंबातल्या मुलाला मुंबईत वैद्यकीय प्रवेशासाठी तो दाखला चालला नाही. पण तांड्यातल्या माणसाचा मूळ गाव कुठला, हे तहसीलदार कशावरून ठरवणार? आणि ज्या गावाचं राज्यच ठरलेलं नाही, तिथे हा प्रश्न विचारायचा तरी कसा?

बंजारा माणसाला दोष देणं सोपं आहे आणि चूकही आहे. त्याच्याकडे जमीन नव्हती. इंग्रजांच्या रेल्वेने त्याचा बैलांवरचा व्यापार मोडला, गुन्हेगार जमातींच्या कायद्याने त्याच्यावर शिक्का मारला, मग दुष्काळाने हाकललं. तो पायाने बोलला, कारण बाकी काही त्याच्यापाशी नव्हतं. गोंडाला मात्र पायाने बोलता येत नाही. जंगुबाईची गुहा महाराजगुड्याजवळच्या डोंगरात आहे, पौष महिन्यात दोन्ही राज्यांतले गोंड तिथे येतात. नागोबा केसलापूरला आहे. कुळाचे देव ज्या डोंगरात आहेत तो डोंगर सोडून तो कुठल्या चांगल्या योजनेच्या मागे जाणार?

म्हणून त्याने मत वापरलं. २०१७च्या अखेरीस तुडुम देब्बा या आदिवासी संघटनेने लंबाडांना जमातीच्या यादीतून वगळा म्हणून आंदोलन पेटवलं. गावोगावी लंबाडा शिक्षकांना शाळेत येऊ दिलं नाही. डिसेंबरमध्ये उटनूरला हिंसाचार झाला, जमावबंदी आली. आंदोलनाचे नेते सोयम बापूराव २०१९ मध्ये भाजपच्या तिकिटावर आदिलाबादमधून उभे राहिले आणि अठ्ठावन्न हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. त्या निकालाला देशभर मोदी लाट म्हटलं गेलं. लाट होतीच, पण उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूरच्या पट्ट्यात त्या मतात जमिनीची जुनी चीड होती, असं माझं मत आहे. लंबाडा यादीतून गेले नाहीत. २०२४ मध्ये भाजपने बापूरावांना तिकीटही दिलं नाही. २०१९ मध्ये ज्यांना त्यांनी हरवलं ते गोडाम नगेश आता भाजपचे खासदार आहेत. इतकं मोठं मत पडलं आणि ज्यासाठी पडलं ते तसंच राहिलं.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राचे महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी जाहीर केलं की जिवतीची चौदा गावं महाराष्ट्रात पूर्णपणे घेण्याची प्रक्रिया सुरू आहे. गावकऱ्यांचं शिष्टमंडळ विधानभवनात जाऊन भेटलं. घोषणेत गावांचा उल्लेख होता. तेलंगणाचा पट्टा ज्याच्या हाती आहे त्याचं काय करणार, तेलुगू शाळेत सातवी झालेल्या मुलीला महाराष्ट्र कुठे बसवणार, २,०१६ रुपयांवर महिना काढणाऱ्या म्हातारीला तेवढेच मिळणार का, हे पुढचं पान अजून कोरं आहे. माझ्या मते ते पान आधी लिहायला हवं, आणि हद्दीचे दगड नंतर रोवायला हवेत. आणि ते लिहिण्याआधी गावागावांत ग्रामसभा घेऊन, दोन्ही राज्यांचे अधिकारी समोर बसवून, लोकांना विचारायला हवं. सत्तर वर्षांत या गावांना प्रत्येक निवडणुकीत उमेदवाराबद्दल विचारलं गेलं. कुठल्या राज्यात राहायचं हे अधिकृतपणे, मतपत्रिकेवर, एकदाही विचारलेलं नाही.

त्यानंतर दोनच महिन्यांत आणखी एक गोष्ट घडली. २ सप्टेंबर २०२५ला मराठा आरक्षणासाठी हैदराबाद गॅझेटचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला आणि लगोलग मराठवाड्यात बंजारा समाजाचे मोर्चे सुरू झाले. त्याच गॅझेटच्या आधारे आम्हालाही अनुसूचित जमातीत घ्या, ही त्यांची मागणी. तेलंगणात आमचेच भाऊबंद जमातीत आहेत, हा त्यांचा दाखला. उत्तरादाखल आदिवासींचेही मोर्चे निघाले. ही मागणी मान्य झाली तर पहाडावरच्या तांड्याला १९३०चा पुरावा लागणार नाही. महाराष्ट्राच्या बाजूनेही वनपट्ट्याचा दावा उभा राहील आणि सीमेपलीकडे बघण्याचं एक मोठं कारण संपेल. आणि त्याच दिवसापासून किनवटच्या, माहूरच्या, जिवतीच्या गोंड-कोलामांना उटनूरच्या गोंडांनी विचारलेला प्रश्न विचारावा लागेल. त्यांच्यापैकी काहींची नावं दोन याद्यांत आहेत, बहुतेकांची एकातच.